नळी बदलली की काम झाले?

महोदय,

लिव्हर रायफल (खालचा दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची) दुसऱ्या काडतुसासाठी करून घ्यायची म्हणजे नळी बदलायची, या समजापायी चांगल्या जुन्या रायफली वाया जातात. आधी पाहायचा तो काडतूस उडताना निर्माण होणारा दाब. मग बुडाची कड आणि काडतुसाची एकूण लांबी. नळीचा नंबर शेवटचा.

विंचेस्टरचे १८९२ मॉडेल घ्या. .३२-२० काडतुसाची रायफल .३५७ मॅग्नम काडतुसाला करतात, कारण दोन्हींची लांबी जवळपास १.५९ इंच. पण कड .३२-२० ची सुमारे ०.४०८ इंच आणि .३५७ ची ०.४४० इंच. बोल्टचे (काडतुसामागे मिटणाऱ्या भागाचे) तोंड तेवढे मोकळे केले नाही तर काडतूस बुडाशी टेकत नाही. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा हूक, जुळवला नाही तर ती आत अडकते.

.४४-४० वरून .४४ मॅग्नमला जाताना अनेकांना वाटते, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) थोडे खोल केले की भागेल. भागत नाही. .४४-४० ची पुंगळी बुडाशी ०.४७१ इंच, मॅग्नमची ०.४५७. चेंबर कापून रुंद होते, अरुंद होत नाही. सैल चेंबरमध्ये पुंगळी बुडाशी फुगते, फाटते. त्यात मॅग्नमची दाबमर्यादा ३६,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच); .४४-४० ची तिच्या निम्म्याहूनही कमी. १८९२ ला दोन उभे लॉक आहेत, तरी जुन्या पोलादाची तपासणी हवीच. विंचेस्टरच्याच मूळ १८७३ मॉडेलचा सांध्यांचा बोल्ट तर या दाबासाठी नाहीच. त्या रायफलीत मॅग्नम घालू नये, एवढे स्पष्ट सांगायला हवे.

१८७३ मध्ये लांबीचीही अडचण आहे. काडतूस आखूड पडले की मागून येणाऱ्याची कड काडतूस उचलून चेंबरसमोर आणणाऱ्या ठोकळ्याच्या फटीत शिरते आणि लिव्हर अर्ध्यावर थांबतो. म्हणून दारू व प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टोपी) नसलेली नकली काडतुसे भरून, मॅगझिन पूर्ण रिकामे होईपर्यंत लिव्हर सावकाश आणि जोरात, दोन्ही प्रकारे चालवून पाहावा. हेडस्पेस, म्हणजे मिटलेला बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस अडते ती जागा यांतले अंतर, डोळ्याने कळत नाही. चेंबरमध्ये घालायच्या ‘गो’ गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट मिटला पाहिजे, ‘नो-गो’वर मिटता कामा नये.

या रायफलींच्या नळीसारख्या लांब मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या साठ्यात) प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेले असते. तिथे टणक, टोकदार गोळी भरली की धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो.

हे काम परवाना आणि साधने असलेल्या गनस्मिथचेच. आणि नळीवर नव्या काडतुसाचे नाव कोरून घ्या; पुढचा मालक तेच वाचून काडतूस भरणार आहे.

– एक वाचक