मूल कुठल्या इयत्तेत हलवताय, ते आधी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी बदली होणाऱ्या कुटुंबांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मुलं भाषा पटकन उचलतात, आई-बापच उगीच जीवाला घोर लावून घेतात, असा त्याचा सूर होता. भाषेचं म्हणणं बरोबर आहे. पण मूल कुठल्या इयत्तेत असताना हलतं याबद्दल लेखात एक ओळही नव्हती आणि आम्ही पाहिलं त्यात सगळं तिथेच अडलं. म्हणून हे पत्र.

आम्ही मूळचे सांगलीचे. बारा वर्षं इंग्लंडात स्लाउला होतो, घरात तिघांचेही पासपोर्ट ब्रिटिश. ब्रेक्झिटनंतर नवऱ्याच्या कंपनीने त्याचा विभाग जर्मनीत म्युनिकला हलवला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही इथे आलो. त्याच महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर लीड्सहून एक इंग्रज कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी दहाव्या वर्षाला टेकलेली, मुलगा सहाचा.

माझी लेक स्लाउला ‘इयर थ्री’ संपवून ‘इयर फोर’ला जाणार होती. इथे तिला तिसरीत बसवलं. सासूबाईंनी फोनवर पहिलं विचारलं, “पोरगी नापास झाली का गं?” तसं काही नव्हतं. इंग्लंडात मूल चौथं वर्ष संपलं की ‘रिसेप्शन’ला, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात जातं, पाचव्या वर्षानंतर ‘इयर वन’. जर्मनीत पहिलीच सहाव्या वर्षी. वय तेच, इयत्तेचा आकडा एकाने कमी. आम्हाला हे कळत होतं, पण तिला आपण मागे पडलो असंच वाटत राहिलं, आणि ते मनातून जायला दिवाळी उजाडली. गणवेश नाही, शाळा दुपारच्या आत सुटते, आठ वर्षांच्या मुलीने एकटीने चालत घरी यायचं, या गोष्टींची सवय मात्र महिन्याभरात झाली.

गणिताने मला रडवलं. स्लाउला गणितात पुढे असणारी मुलगी इथे तोंडी गणिताच्या चाचणीत सगळे आकडे उलटे लिहून आली. बाई म्हणाल्या ‘फिअर-उंड-झीबत्सिग’, हिने लिहिले ४७. जर्मनमध्ये तो शब्द म्हणजे ‘चार आणि सत्तर’, अर्थात ७४. इंग्रजीत दहाचा आकडा आधी येतो, जर्मनमध्ये एककाचा. आठवडाभर आम्ही चिडचिड करत बसलो. एके संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती वही पुढ्यात घेऊन गप्प बसली होती. पोळ्या लाटता लाटता मी सहज म्हणाले, “चौऱ्याहत्तर लिही बघू.” आणि माझा हात थांबला. चौऱ्याहत्तर! आपल्याकडेही चार आधी, सत्तर नंतर. मी तिला पंचवीस, सदतीस, अठ्ठावन्न असं सांगत गेले. तिने एकक आधी लिहिला, डावीकडे जागा सोडली, मग दशक भरला. दोन ओळी झाल्यावर मान वर करून म्हणाली, “म्हणजे आजी जर्मनसारखं मोजते?” त्यानंतर दर शनिवारी सासूबाई व्हिडिओ कॉलवर आकडे सांगायच्या आणि ही लिहायची. नाताळापर्यंत आकडे सरळ झाले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसऐवजी ‘वीस एक, वीस दोन’ आल्यावर महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. तेव्हा मी नव्या पद्धतीच्या बाजूची होते. मुलांना ती सोपी जाते असं मला आजही वाटतं, पण आमच्या घरी त्या वर्षी जुनी संख्यानामंच कामाला आली.

वरच्या मजल्यावरचा मुलगा सुखात होता. लीड्सला दोन वर्षं शाळेत काढून तो गोष्टीची पुस्तकं वाचत होता आणि इथे त्याला पहिलीत अक्षरांपासून सुरुवात करावी लागली. आईला वाईट वाटलं. पण पहिल्या दिवशी इथल्या रिवाजाप्रमाणे खाऊने भरलेला कागदी शंकू मिळाला, सगळ्या वर्गाबरोबर अक्षरं नव्याने शिकायला मिळाली आणि त्या अक्षरांबरोबरच जर्मन आलं. फेब्रुवारीत तो जिन्यात आईच्या जर्मन चुका सुधारत होता.

त्याच्या बहिणीचं तसं झालं नाही. लीड्सहून ती थेट चौथीत आली, आणि बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथी म्हणजे मुलांची वाटणी होण्याचं वर्ष. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा प्रत्येक मुलाला एक प्रमाणपत्र देते. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी असते. इथे १ सर्वांत चांगली, ६ सर्वांत वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर मधल्या पायरीची रेआलशूले, नाहीतर बहुतेकदा त्याखालची मिटेलशूले. स्लाउच्या मराठी घरांना ‘इलेव्हन प्लस’ ही निवडक सरकारी शाळांची प्रवेश परीक्षा चांगली माहीत आहे. पण ती ज्याला द्यायची तो देतो आणि तीही काही भागांतच असते. इथे वर्गातलं प्रत्येक मूल या चाळणीतून जातं. सप्टेंबरात शाळेत बसलेल्या मुलीला त्यासाठी आठ महिने मिळाले. वर्षभर घरीच जर्मन शिकवावं असं तिच्या आईच्या मनात होतं. इंग्लंडात मुलाला घरी शिकवता येतं. जर्मनीत शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे.

त्या मे महिन्यातली दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मुलगी जिन्याच्या पायरीवर दप्तर न काढता बसलेली, आणि आई प्लॅस्टिकच्या फोल्डरमधल्या कागदाचे फोटो काढून फोनवर भाषांतर वाचत होती. गणित २, परिसर अभ्यास ३, जर्मन ४. सरासरी ३. ती मिटेलशूलेत गेली. जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती आणि ज्यांची घसरण केवळ भाषेमुळे आहे, त्यांना बव्हेरियात सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी वरच्या शाळेसाठी सवलत मिळू शकते. हे त्या आई-वडिलांना कळलं तेव्हा पुढचं शालेय वर्ष सुरू झालं होतं. कुणी आपण होऊन सांगितलं नाही आणि काय विचारायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आता ती सातवीत आहे, दहावीनंतर पुढे नेणाऱ्या तुकडीत तिला प्रवेश मिळालाय. वाट बंद झालेली नाही, पण लांबली. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री ती झोपत नाही, असं तिची आई सांगते.

माझ्या लेकीला आठऐवजी वीस महिने मिळाले. २, ३, ३. सरासरी बरोबर २.६६. ती रेआलशूलेत आहे आणि आनंदात आहे. दोघींत फरक हुशारीचा नव्हता, एका इयत्तेचा होता.

गेल्या महिन्यात स्लाउहून एका मराठी आईचा फोन आला. मुलगा ‘इयर फाइव्ह’मध्ये, कंपनी जानेवारीत म्युनिकला बोलावतेय. म्हणजे चौथीच्या मध्यात येणार आणि चार महिन्यांत ते प्रमाणपत्र. मी तिला सांगितलं, शाळेला एक इयत्ता खाली बसवता येईल का ते विचार, ३.३३ चा विषय पहिल्याच भेटीत काढ. आणि कंपनीचं बर्लिनला ऑफिस असेल तर तिथे बदली माग, कारण बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. तिने कंपनीला पत्र लिहिलंय, उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक आई, म्युनिक