गुड फ्रायडेच्या 'शुभेच्छा' आणि तीन देवांचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाची मी जुनी वाचक. ३ एप्रिलच्या अंकात पहिल्या पानावर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' अशी चौकट होती आणि आतल्या पानावर ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा छोटा मजकूर. त्यात एक वाक्य असं होतं की ख्रिस्ती लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन देवांना मानतात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, हे वाचताना जाणवतं. आमची दखल घेतली याचा आनंदही आहे. पण ते वाक्य चुकीचं आहे आणि ही चूक किरकोळ नाही. म्हणून हे पत्र.

आधी शुभेच्छांचं. गुड फ्रायडे हा प्रभू येशूच्या मरणाचा दिवस. मराठीत आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्याकडे उपासना असते. येशूनं क्रुसावरून जे सात उद्गार काढले, त्यांवर एकेक करून मनन होतं. उपासना संपल्यावर एरवीसारखं कुणी अंगणात सलाम करत, गप्पा मारत थांबत नाही. माणसं मुकाट्यानं घरी जातात. घरी दुःख झालेल्याला आपण शुभेच्छा देत नाही, तसंच हे. मग त्याला 'गुड' का म्हणायचं, हा पुढचा प्रश्न मला दरवर्षी येतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाला 'पवित्र' असाही अर्थ होता, हे एक. दुसरं, त्या मरणातून माणसाचं तारण झालं अशी आमची श्रद्धा आहे, म्हणून तो दिवस आमच्या लेखी उत्तम. शुभेच्छा द्यायच्याच तर रविवारी, येशू मरणातून उठला त्या ईस्टरच्या दिवशी द्याव्यात. त्या आम्ही दोन्ही हातांनी घेऊ.

आता तीन देवांचं. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मधल्या सुट्टीत डबे उघडले की एखादी बाई विचारायच्याच, "काय हो बाई, तुमचे देव नक्की किती?" सुरुवातीला मी एक ठरलेलं उत्तर द्यायची. पाणी, बर्फ आणि वाफ, तिन्ही पाणीच की! सगळ्यांना पटायचं, मलाही बरं वाटायचं. एकदा रविवारच्या शाळेत मुलांना हेच सांगत होते आणि आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दारात उभे होते. वर्ग सुटल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, हे उत्तर ख्रिस्ती मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारलंय." पाणी एका वेळी बर्फ असतं, दुसऱ्या वेळी वाफ होतं. म्हणजे देव एकच, तो फक्त वेगवेगळी रूपं घेतो, असा त्याचा अर्थ होतो. पण येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र यार्देन नदीत उभा होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि पित्याची वाणी आकाशातून आली, तिन्ही एकाच वेळी. एकच नट तीन पात्रं करतो, तसं हे नाही. त्या दिवसापासून मी ते उदाहरण सोडलं.

मग आम्ही मानतो तरी काय? देव एकच. 'आपला देव परमेश्वर एकच परमेश्वर आहे' हे यहुदी लोकांचं मूळ वचन, आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूनं तेच पुढं केलं. त्याचे पहिले शिष्यही यहुदीच. मूर्तीपुढे वाकायचं नाही, एका देवाखेरीज कुणाला देव म्हणायचं नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. आणि तरी येशू मरणातून उठल्यावर थोमा नावाचा शिष्य त्याला 'माझा प्रभू आणि माझा देव' म्हणतो, येशू त्याला अडवत नाही. हाच थोमा पुढे भारतात आला, अशी आपल्याकडची परंपरा आहे. देव एक ही गोष्ट सोडता येत नव्हती आणि येशूची भक्तीही सोडता येत नव्हती. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, ही त्रैक्याची शिकवण या पेचातून आली. खुर्चीत बसून कुणी रचलेली ती नाही.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या अरियस नावाच्या धर्मगुरूनं या पेचावर सोपी तोड काढली होती. पुत्र मोठा खरा, पण तो निर्माण केलेला. एके काळी तो नव्हता. ३२५ साली निकेया इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशपांची परिषद भरली आणि तिनं ते नाकारलं. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे. तो पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याविषयीचा भाग वाढवला गेला. तोच निकेय मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, आजही मंडळीत उभं राहून म्हटला जातो. गेल्या वर्षी निकेयाला १७०० वर्षं झाली. ईस्टर सगळीकडे एकाच दिवशी पाळायचा हेही त्याच परिषदेत ठरलं; २१ मार्चला किंवा त्यापुढे येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा हिशेब पुढे रूढ झाला. यंदा २ एप्रिलला हनुमान जयंती आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आला, तो त्या पौर्णिमेमुळेच.

मराठीची शिक्षिका म्हणून मला एक गोष्ट फार आवडते. बाप्तिस्मा देताना पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या 'नावाने' असं म्हणतात, 'नावांनी' नव्हे. तीन व्यक्ती आणि नाव एकवचनी. मूळ ग्रीकमध्येही ते एकवचनच आहे. आमची सगळी शिकवण त्या एका प्रत्ययात बसली आहे.

'मग हे आमच्या दत्तासारखंच ना?' असं पुष्कळजण आपुलकीनं विचारतात. दत्तसंप्रदायाचा अर्थ सांगायचा अधिकार माझा नाही. एवढंच सांगते की उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी त्रैक्यात नाही. निर्मिती असो की तारण, तिघे मिळून एकच काम करतात. 'देवाला मुलगा कसा?' हा प्रश्न मला शेजारच्या मुसलमान भाभींनी विचारला होता. त्यांना मी सांगितलं, पुत्र म्हणजे देवाला बायको होती असं आम्ही स्वप्नातही मानत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला 'शब्द' म्हटलंय. शब्द मनातून निघतो आणि तरी मनापासून तुटत नाही, त्या नात्याला आम्ही पुत्र म्हणतो. भाभींना पटलं नाही. पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि जाताना शीरखुर्म्याचं भांडं परत न्यायला विसरल्या.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती दुसरीच गोष्ट. बायबल म्हणतं, देव प्रीती आहे. प्रीती करायला दुसरं कुणीतरी लागतं. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हा देव कुणावर प्रीती करत होता? पित्याची पुत्रावर आणि पुत्राची पित्यावर अनादी काळापासून प्रीती आहे, हे त्याचं उत्तर. देवाला एकटेपणा आला म्हणून त्यानं आपल्याला बनवलं असं नाही. मुळात असलेल्या त्या प्रीतीत त्यानं आपल्याला बोलावून घेतलं. हे नीट समजलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

दुसरा प्रश्न थोडा टोचून विचारला जातो. "तुमचं सोपं आहे. पाप करायचं, कबूल करायचं, सुटलात!" याचं उत्तर मी माझ्या वडिलांवरून देते. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, पाण्याची ओढ कायमची. विहीर वडिलांची आणि चुलत्यांची सामाईक. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघांत इतकं झालं की वडील चुलत्यांच्या अंगावर धावून गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून पुढे सरकतं, मागून द्राक्षरसाचे लहान पेले. मी वडिलांशेजारी बसायची. त्या वर्षी ताट आलं की वडील ते दोन्ही हातांत धरायचे, क्षणभर थांबायचे आणि न घेता पुढच्या माणसाकडे द्यायचे. पाच महिने असं चाललं. आईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "भावाशी बोलत नाही आणि प्रभूच्या देहाची भाकरी कुठल्या तोंडानं खाऊ?" एका शनिवारी अंधार पडल्यावर ते कंदील घेऊन चुलत्यांच्या वस्तीवर गेले आणि उशिरा परतले. काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. चुलत्यांची पाळी मात्र एका दिवसानं वाढली. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकाच बाकावर बसले आणि वडिलांनी भाकर घेतली.

हे वडिलांनी आपल्या मनानं काढलेलं नव्हतं. वेदीपाशी अर्पण नेलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशूच सांगतो. जक्कय नावाचा जकातदार येशूला भेटला, तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत, असं तो आपणहून म्हणाला. क्षमा फुकट मिळते, हे खरं. ती विकत घेता येत नाही, पुण्य साठवून मिळवताही येत नाही. पण ती मिळालेला माणूस आहे तिथंच बसून राहत नाही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल यानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच काढला आणि ठामपणे 'नाही' म्हटलं. म्हणजे टोमणाही दोन हजार वर्षांचा जुना आहे.

'तुम्ही सगळ्या जगाला पापी म्हणता' अशीही तक्रार असते. बायबलमध्ये पापासाठी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेम चुकणं असा आहे. आणि त्या 'सगळ्यां'त पहिला नंबर म्हणणाऱ्याचा असतो. पतितपावन हा शब्द ज्या मातीत शेकडो वर्षं गायला गेला, तिथं हे समजावून सांगावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

येशूची आई मरिया हिच्याबद्दल थोडक्यात. आम्ही प्रोटेस्टंट तिला प्रार्थना करत नाही. कॅथलिक बांधव तिच्याकडे मध्यस्थी मागतात, पण आराधना फक्त देवाची, हे त्यांचीही शिकवण स्पष्ट सांगते.

यंदाचा ईस्टर ५ एप्रिलला आला. १९२२ मध्ये याच तारखेला पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी देह ठेवला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवपण यांवर तिथल्या धर्मभगिनींना पत्रांमागून पत्रं लिहून हैराण केलं होतं. कुणी सांगतं म्हणून मी मानणार नाही, माझ्या सदसद्विवेकाला पटलं पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली. नंतर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. म्हणून कुणी प्रश्न विचारला तर मला राग येत नाही. वाईट वाटतं ते न विचारताच छापलं जातं तेव्हा. नगरमध्ये १८३१ पासून मिशनचं काम आहे. इथं पाळक आहेत, फादर आहेत, सिस्टर आहेत, सगळे मराठीत बोलतात. मजकूर छापण्याआधी त्यांपैकी एकाला फोन केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. आमचीही यात चूक आहे. विचारल्यावर 'ते गूढ आहे' म्हणून आम्ही विषय टाळतो.

ते एक वाक्य आपण दुरुस्त करून छापावं, ही विनंती. पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवार २६ मार्चला आहे. आपल्या वार्ताहरांना दुपारी बाराला आमच्याकडे जरूर पाठवा. मागच्या बाकावर जागा असते, आणि तीन तास बसवलं नाही तर मध्ये उठून गेलं तरी कुणी काही म्हणत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर