बाबांचा खोकला आणि फिनिक्सची माती

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा दर दोन वाक्यांनी खोकत होते आणि आई मागून म्हणत होती, "धुळीचा खोकला गं, सोलापुरात कुणाला नसतो?" धुळीचाच असेल, पण ती धूळ सोलापूरची नसावी असं मला वाटतंय.

बाबा, इथून निघायच्या आठवड्यात तुम्ही आमच्या फिनिक्सच्या घरी, परसात शेवग्यासाठी खड्डा खणलात. जमीन इतकी टणक की कुदळ उडत होती, आणि शर्ट झटकलात तेव्हा पिवळट लोट उठला. मी शेजारी उभी राहून फोटो काढत होते! ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइडीस नावाची बुरशी असते. माती उकरली की तिचे कण उडतात, श्वासातून फुफ्फुसात जातात. इथे त्याला व्हॅली फीवर म्हणतात. एक ते तीन आठवड्यांनी खोकला, ताप, घाम, आणि थकवा तर विचारू नका. पुष्कळांना काहीच होत नाही, बहुतेक जण आपोआप बरे होतात. पण तुम्हाला शुगर आहे, त्यात हे बळावू शकतं.

अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पण बुरशीवर त्यांचा उपयोगच नाही. एक्स-रेत डाग टीबीसारखा दिसतो, त्यामुळे डॉक्टरांना आधी टीबीच आठवणार; त्यांचं चुकत नाही. तुम्ही "ॲरिझोनात होतो, माती खणली" एवढं स्वतःहून सांगा. थुंकी तपासायचीच, शिवाय या बुरशीच्या अँटिबॉडी रक्तात बघता येतील का विचारा. थुंकी कल्चरला देणार असतील तर लॅबलाही हे आधी सांगा. बशीत वाढलेली ही बुरशी तिथल्या लोकांच्या छातीत जाऊ शकते.

आणि मेडिकलमधून परस्पर फ्लुकोनाझोल, म्हणजे बुरशीवरची गोळी, आणू नका. शुगरच्या काही गोळ्यांसोबत ती घेतली की साखर एकदम खाली येते.

आई, बाबांचं ताट-तांब्या वेगळं काढलंयस म्हणे. ते राहू दे. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, आणि टीबीही ताटातून पसरत नाही. रिपोर्ट येईपर्यंत बाबांना मास्क लाव, खिडक्या उघड्या ठेव, बास.

पुढच्या वेळी खड्डा मी खणेन. आधी माती भिजवून, एन-९५ लावून, वारा नसताना. शेवग्याला फुटवा आलाय.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलात की लगेच फोन करा, इथे रात्र असली तरी.

तुमची,
मनू