आपल्या झाडाबद्दल

प्रिय बाळ्या,

घरी सगळे बरे. आईचा गुडघा दुखतो, तरी रंकाळ्याची फेरी चुकवत नाही.

मुद्द्यावर येतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'एका झाडाचं काय एवढं' म्हणतील. तू हिमाचलातल्या कोटगढहून आणलेल्या सफरचंदांच्या बिया आपण ओल्या वाळूत घालून तीनेक महिने फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. आईनं मोडाची मटकी म्हणून तो डबा फोडणीपर्यंत नेला होता, आठवतंय? त्यातलं एक झाड आता परसात माझ्या डोक्यावर गेलंय. फांद्यांना काटे आहेत, पान उलटून बोट फिरवलं की खाली मऊ पांढरी लव लागते. फूल मात्र नाही.

काल नर्सरीवाले मामा आले. म्हणाले, "बियाचं झाड सात-आठ वर्षं घेतंय. त्यात आपली हवा. शेंडा मारू आणि हरिमन ९९ जातीची कलमाची काडी बांधू." त्यांचं चूक नाही. डोंगरातल्या जातींना सात अंशाखालची थंडी हजारभर तास लागते, आपल्याकडं जानेवारीतही पहाटे पारा साधारण चौदा-पंधराच्या आसपास असतो. हिमाचलातल्याच बिलासपूरच्या हरिमन शर्मांची ही जात उष्ण हवेतही फळते. धाकटा तर लगेच कात्री शोधायला लागला.

मला रात्रभर झोप नाही. अरे, सफरचंदाचं बी आईच्या वळणावर जात नाही. परागकण दुसऱ्या जातीचा लागतो, म्हणून प्रत्येक बी वेगळं. म्हणजे हे झाड जगात एकच आहे! कदाचित आंबट-तुरट निघेल. पण ग्रॅनी स्मिथसुद्धा ऑस्ट्रेलियात १८६८ च्या सुमाराला असंच आपोआप उगवलेलं रोप होतं.

शाळेत हापूस-रायवळवरून भांडून तू आठवडाभर बोलला नव्हतास. मी कलमी हापूसवाला, तू बियापासून उगवणाऱ्या रायवळवाला. आता मी तुझ्या बाजूला आलोय, तर तू तिकडं पुण्यात!

माझ्या मनात आहे की काडी एकाच बाजूच्या फांदीवर बांधायची, शेंड्याला हात लावायचा नाही. मामा म्हणतात जोर दोन्हीकडं वाटला जाईल. वाटू दे. पण बिया तुझ्या, तेव्हा तुझ्या होकाराशिवाय कात्री लावू देणार नाही.

नव्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार, पोरीला परीक्षेसाठी शुभेच्छा. काडी जानेवारीअखेर येईल. त्याआधी ये, नाहीतर निदान फोन कर.

तुझा,
दिग्या