तुझी मालाची यादी वाचून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची मालाची यादी परवा मिळाली. गार्डन सेंटर उघडायला अजून दोन महिने आहेत आणि तू प्रत्येक झाडापुढे नग लिहून तयारही झालास, हे पाहून फार बरं वाटलं. यादी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना जे जाणवलं ते तुला ऑर्डर देण्याआधी सांगितलंच पाहिजे, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

यादीतलं जवळजवळ प्रत्येक झाड तुला आवडतं म्हणून आलंय. कॅलॅथियाच्या आठ जाती, तऱ्हेतऱ्हेचे नेचे, ऑर्किड. तुझ्या हाताखाली ही सगळी उत्तम वाढतील, पण ती जाणार आहेत दुसऱ्यांच्या घरी, आणि त्या घरांचा विचार यादीत कुठे दिसत नाही.

मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. एक बाई आल्या, कॅलॅथियाच्या पानांवरची नक्षी बघून हरखल्या, आणि मीही काही न विचारता झाड दिलं. महिन्याभरात कुंडी दोन्ही हातांत धरून त्या परत आल्या. पानांच्या कडा तपकिरी, हात लावला की चुरा होणाऱ्या. मधली पानं सुरळीसारखी वळलेली. त्या भांडायला आल्या नव्हत्या. ‘माझ्या हाताला झाड लागतच नाही हो,’ एवढंच म्हणाल्या. विचारलं तेव्हा कळलं की झाड पश्चिमेच्या गॅलरीत होतं, दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर घेत. तिथे सदाफुली किंवा अडेनियम मजेत राहिलं असतं. चूक माझी होती आणि दोष त्या स्वतःला देत होत्या. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून झाड दाखवायच्या आधी मी विचारतो: ऊन कुठल्या बाजूचं आणि किती वेळ येतं, पाणी कोण घालणार, घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं आहे का. आणि माल भरतानाही हीच उत्तरं डोळ्यांसमोर ठेवतो.

तुझ्याकडे सगळ्यात जास्त येणार तो पहिल्यांदाच झाड घेणारा माणूस. त्याच्यासाठी स्नेक प्लांट, झीझी आणि मनी प्लांट भरपूर ठेव. तुला ही झाडं फार साधी वाटतात, ठाऊक आहे मला. पण झीझी कधी कुंडीतून काढून बघ, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यांत पाणी साठलेलं असतं. स्नेक प्लांटची जाड पानंही पाणी धरून ठेवतात, आणि ते पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे दिवसाच्या उष्णतेत पाणी उडून जात नाही. पाणी घालायचं विसरलं तरी ही दोन झाडं तग धरतात, मरतात ती रोज पाणी घातल्यामुळे. म्हणून त्यांच्यासोबत तळाला भोक नसलेली शोभेची कुंडी विकू नकोस, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. पहिलं झाड जगलं की तोच माणूस दुसऱ्यासाठी येतो.

मांजर-कुत्र्याच्या घरांसाठी मात्र निराळी फळी लाव. मनी प्लांट आणि डिफेनबॅकियात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंड सुजतं, लाळ गळते. लिलीचं तर विचारूच नकोस. अंगावर पडलेले पराग मांजराने चाटले तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा घराला स्पायडर प्लांट, अरेका पाम, पेपरोमिया, बॉस्टन फर्न दे. कॅलॅथियाही इथे निर्धोक आहे, म्हणजे तुझ्या लाडक्या झाडालाही जागा मिळाली.

‘हवा शुद्ध करणारी झाडं’ असा जो विभाग तू आखलायस तो कृपा करून काढून टाक. ही समजूत ज्यावरून आली तो नासाचा १९८९ सालचा अभ्यास बंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचे आकडे नव्याने तपासले गेले, तेव्हा दिसलं की दारं-खिडक्यांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. झाड घरात असलं की मन रमतं, तेवढंच सांगून ते विकलं जातं. गिऱ्हाइकाला खोटं कशाला सांगायचं?

हाच नियम हौशी संग्राहकांच्या बाबतीत आणखी कडक पाळ. ही मंडळी झाडाचं मूळ नाव विचारतात, पानावरचा डाग भिंगातून बघतात. त्यांच्यासाठी एकच फळी पुरे. त्यावर ‘पिंक काँगो’ फिलोडेंड्रॉन ठेवू नकोस, त्याचा गुलाबी रंग उत्पादकाने औषध देऊन आणलेला असतो, पुढे नवी पानं हिरवीच येतात. पानांवर पांढरे पट्टे असलेला मॉन्स्टेरा ‘अल्बो’ देताना फांदी पूर्ण हिरवी होऊ शकते हे आधीच सांग. स्थिर रंग हवा असेल त्याला मॉन्स्टेराचीच ‘थाई कॉन्स्टेलेशन’ जात दाखव.

बागांची कामं घेणारे कंत्राटदार येतील, त्यांना एकाच लॉटची, एका उंचीची दोनशे रोपं लागतात. तो माल भरून ठेवू नकोस, ऑर्डरवर आण, आणि नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला थोडी रोपं जास्तीची घे.

फळझाडं घेणारा मात्र वर्षानुवर्षं वाट बघणार असतो, म्हणून तिथे घाई करू नकोस. प्रत्येक कलमाचा जोड हाताने चाचपून बघ. जोडाच्या खालून खुंटाला, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेलं असतं त्याला, फूट आलेली असेल तर ती तिथेच काढ आणि गिऱ्हाइकालाही दाखवून ठेव, नाहीतर वरचं कलम मरतं आणि तो खुंटच वाढवत बसतो. जोड मातीत गाडायचा नाही, हेही सांग. लॉटमधली दोन-चार रोपं पिशवीतून काढूनच बघ. मुळं पांढरी आणि मोकळी असली तर घे, तळाशी गोल गोल गुंडाळून दोरखंडासारखी झाली असतील तर सगळा लॉट परत. माझ्या एका पुरवठादाराला हे अजिबात आवडत नव्हतं, आता तो स्वतःच एक रोप काढून पुढे करतो.

आलेला माल लगेच बाहेर मांडू नकोस. पंधरा दिवस वेगळा ठेव, पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आहे का ते रोज बघ.

यादी परत लिहून पाठव, पण या वेळी प्रत्येक झाडापुढे ते कुणाच्या घरी जाणार तेही लिही. खरेदीला जाशील तेव्हा मी सोबत येतो, मुळं बघायला चार डोळे बरे. कॅलॅथियाच्या आठांतल्या दोनच ठेव. कुठल्या, ते मात्र तूच ठरव.

तुझाच,
जुना मित्र