सॅन अँटोनियोच्या भिंती दाखवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातल्या जोलॉनजवळच्या सॅन अँटोनियो दे पादुआ मिशनमध्ये, म्हणजे स्पॅनिश काळातल्या ख्रिस्ती धर्मप्रसार केंद्रात, आम्ही पोहोचलो तेव्हा दार बंद होण्याची वेळ झाली होती, कारण मिशनभोवतीच्या लष्करी तळाच्या हद्दीत मोबाइलची रेंज गेली आणि आम्ही रस्ता चुकलो. तरीही आपण माझ्या बहात्तर वर्षांच्या आईला आधी खुर्ची आणि पाणी दिलेत आणि मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन स्वतः आमच्याबरोबर फिरलात, याबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. इंग्रजी पत्र टपालाने पाठवले आहेच. हे मराठीतले आईच्या आग्रहाखातर.

१४ जुलै १७७१ रोजी हुनिपेरो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी ओकच्या फांदीला घंटा टांगून हे मिशन स्थापले, एवढेच मी वाचले होते. आईने भिंतीवर तळवा टेकून "आमच्या माहेरच्या वाड्याच्या भिंती अशाच" असे म्हटले आणि आपण तो धागा पकडलात. माती आणि गवताचे काड कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा डोक्यावर कौल असेपर्यंतच टिकतात. १८८२ नंतर मिशन ओस पडले, कौले काढून नेली गेली आणि पावसाने भिंती विरघळल्या, हे आपण सांगितलेत. त्यांतली काही कौले १८९४ साली बांधलेल्या, आमच्या बर्लिंगेम गावच्या रेल्वे स्टेशनवर बसवली गेली, हे ऐकून मी थक्क झालो, कारण सात वर्षे रोज सकाळी मी त्याच छपराखाली गाडीची वाट पाहत उभा राहतो.

१९०३ साली सुरू झालेली डागडुजी, १९०६ चा भूकंप, १९४८ पासून हर्स्ट प्रतिष्ठानच्या निधीतून झालेली उभारणी हे सारे आपण थोडक्यात सांगितलेत, पण स्मशानभूमीपाशी मात्र बराच वेळ थांबलात. त्या विटा ज्यांनी पाडल्या त्या सालिनन या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना बाप्तिस्म्यानंतर परवानगीवाचून मिशन सोडता येत नव्हते, युरोपातून आलेल्या रोगांनी त्यांच्यातले कितीतरी दगावले, आणि त्यांची भाषा टिपून ठेवणारे मिशनचे धर्मगुरू फादर सित्जारही त्याच व्यवस्थेचा भाग होते, हे आपण आवाज न चढवता, पण काहीही न लपवता सांगितलेत. सुंदर कमानी दाखवणारे पुष्कळ भेटतात. ही बाजू सांगण्यासाठी आपण दिलेला अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटतो. आईने तिथे चप्पल काढून हात जोडले, तेव्हा आपणही शेजारी मान लवून उभ्या राहिलात.

सोमवारी स्टेशनवर त्या कौलांचा फोटो काढला, तो इंग्रजी पत्रासोबत ठेवला आहे. वसंतात ओक पालवतील तेव्हा आईला घेऊन पुन्हा येऊ.

आपला कृतज्ञ,
बर्लिंगेमचा एक प्रवासी