जीप तयार आहे, तुझी यादी मात्र नामंजूर

सातारा,
१८ मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

जीपमध्ये करायच्या बदलांची तू मोबाइलवर पाठवलेली यादी दोनदा वाचली. ३३ इंची टायर, चार इंच लिफ्ट, पुढं अडकलेली गाडी ओढून काढायचं विंच, टपावर दिव्यांची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी हळूच 'जमलं तर डिझेल इंजिन'. आईलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या खटाऱ्यापायी दोन म्हशींचे पैसे आधीच गेलेत, आता तिसरी विकायची का?" फोन करावा तर तू मीटिंगमध्ये असतेस, आणि तुझा फोन येतो तेव्हा माझे हात ग्रीसमध्ये असतात. म्हणून लिहायला बसलोय. वाचून झालं की घडी करून जीपच्या डब्यात ठेव, पान्यांच्या खाली.

जीप तयार आहे. काल संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढवून, उतरवून आणली. वर थांबून बोनेट उघडलं, चारही हब हाताला लावून पाहिले. सारखेच कोमट होते. एस.टी.च्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं काढल्यावर माणसाला असल्या गोष्टीचं सुख वाटतं, तुला हसू येईल.

टप उतरवून चेसिस उघडी केली तेव्हाची हकीकत तुला फोनवर अर्धीच सांगितली होती. मागं एकदा रंगकामाला दिली होती, त्या गॅरेजवाल्यानं गंज कापायचं सोडून वर बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, थापली होती. अंगठ्यानं दाबलं तर पत्रा पापडासारखा मोडला. त्याचं एक वेळ ठीक, पत्रा काय, नवा ठोकता येतो. पण मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी चेसिसलाच केसाएवढी चीर गेली होती, आणि ती रंगाखाली झाकलेली. ती चीर पाहिली त्या दिवशी मी जेवलो नाही. तिथं आधी चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग वेल्डिंग आणि आतून पट्टी. सगळ्या कामातले निम्मे दिवस असल्या, रंग दिल्यावर कुणाला दिसणारही नाहीत अशा कामात गेलेत. रंग चार दिवसांत झाला.

तुझे मित्र तिला 'विलिज' म्हणतात, म्हणू देत. विलिज कंपनीनं हे सीजे-३बी मॉडेल १९५३ साली काढलं. अमेरिकेत ते १९६८ला संपलं, पण महिंद्रांनी आपल्याकडं पुढं कित्येक वर्षं चालू ठेवलं. आपली १९७१ची. आजोबांनी लिलावात घेतली तेव्हा तिला बारा वर्षं झाली होती. हिचं बोनेट इतकं उंच का, असं तू लहानपणी विचारायचीस आणि मी 'हिला राग आलाय' असं सांगायचो. खरं कारण असं, की आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. ह्या इंजिनात एक्झॉस्ट खालीच राहिला, इनटेक मात्र वर हेडमध्ये नेला. इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही उंच करावं लागलं. २२०० सीसीचं हे पेट्रोल इंजिन पळायला मंद आहे, पण ओढायला चिवट.

आता तुझे ३३ इंची टायर. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला दातेचक्रांचा गोळा, उघडलं तेव्हा मोठ्या चक्राचे, क्राऊनचे दात मोजले, ४३. त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळजवळ ५.३८ फेरे. त्याला लोअर गिअरचे २.४६ आणि पहिल्या गिअरचे २.८० लाव. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. आयडलवर सोडली तर ही गाडी तासाला दोन-सव्वादोन किलोमीटरनं जाते, म्हणजे बैलजोडीही हिच्यापुढं निघून जाईल. चिखलात, दगडात, ओढ्यात हीच तिची ताकद आहे. मूळचा ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंचीचा. तिथं तू ३३ इंची बसवलास की ह्या ३७चे ३२ झाल्यासारखे होतात. त्याच ब्रेकना जास्त मोठं चाक धरावं लागतं, स्टिअरिंग जड होतं, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनवर जोर येतो. म्हणजे पैसे मोजून आपणच गाडी कमजोर करायची. मी मूळ मापाचेच टायर घेतलेत, फक्त नक्षी खोल आहे. चिखलात जाताना हवा १८ पौंडावर आण, टायर पसरतो आणि पकडतो. डांबरीवर यायच्या आधी परत भर. हातपंप सीटखाली आहे.

लिफ्टचंही तेच. हिच्या पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच अंतर, आणि डाव्या-उजव्या चाकांत जेमतेम चार फूट. अशी अरुंद, आखूड गाडी चार इंच वर उचललीस तर आडव्या उतारावर ती कधी कलंडेल ते कलंडल्यावरच कळेल. शिवाय एवढ्या आखूड प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढला की त्याच्या सांध्यातले क्रॉस तुटतात. पाटे नवे घातलेत, त्यांचा मूळचा बाक परत आलाय, तेवढ्यानंच ती दीड इंच उठलीय. तुला उंची हवी होती ना? झाली.

तुझ्या यादीत एक शब्द कुठंच नव्हता. ब्रेक.

२०११च्या पावसाळ्यात आपण बामणोलीहून परत येत होतो, तू आठवीत होतीस, मागं पोत्यांवर झोपली होतीस. यवतेश्वरच्या उतारावर गाडी डोंगराच्या अंगाला चरीत गेली आणि तू उठून विचारलंस काय झालं. मी म्हणालो, चाक घसरलं. चाक घसरलं नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा रबरी पाइप फुटला होता. जुन्या जीपला ब्रेकची एकच लाइन, एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. पेडल सरळ फळीला टेकलं. टॉपमधून सेकंड मारला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि गाडी मुद्दाम चरीत घातली. तो पाइप तडकलेला मी महिनाभर आधी पाहिला होता. डेपोत अशा पाइपाची गाडी मी गेटबाहेर सोडली नसती, ड्रायव्हरनं हातापाया पडून मागितली असती तरी. घरच्या गाडीला म्हणालो, बघू पुढच्या रविवारी. आईला हे त्याच रात्री सांगितलं. तुला आज सांगतोय.

म्हणून बदल करायचे म्हटल्यावर पहिला पैसा ब्रेकवर गेला. टँडम मास्टर सिलिंडर घातलाय, पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. मूळचे ९ इंची ड्रम काढून पुढं नंतरच्या जीपचे ११ इंची बसवले. पाइप सगळे नवे. तरी ड्रम ते ड्रमच. ओढा ओलांडलास की आत पाणी राहतं आणि पहिल्या दोन-तीन वेळा पेडल दाबून काही होत नाही. पाण्यातून बाहेर आलीस की गाडी चालती ठेवून डाव्या पायानं ब्रेक हलका धरून ठेव, लायनर तापून सुकतात.

हँडब्रेकबद्दल नीट वाच. हिचा हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या शाफ्टवर आहे. सपाटीवर, उतारावर घट्ट धरतो. पण पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललंस की तो फसवा ठरतो. उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, शाफ्ट जागेवरच, आणि गाडी निघते. म्हणून आधी चाकाला उटी लावायची, दोन्ही अंगांनी. दगड शोधत बसू नकोस, बाभळीच्या लाकडाच्या दोन करून ठेवल्यात.

गिअरच्या लिव्हरशेजारी दोन छोट्या लिव्हर आहेत. एकीनं पुढचा अ‍ॅक्सल जोडायचा, दुसरीनं हाय-लो. पुढचा जोडल्याशिवाय लो पडत नाही, जबरदस्ती करू नकोस, ती सोय मुद्दाम केलेली आहे. आणि कोरड्या डांबरीवर फोर-व्हील कधीच नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि हिच्यात मधे डिफरन्शियल नाही, त्यामुळे तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. चिखलात चाक जरा घसरून पीळ सोडवून घेतं, डांबरी घसरू देत नाही. मग लिव्हर निघत नाही आणि पोरं तिला लाथा घालतात. अडकलीच तर गाडी सरळ रेषेत थोडी मागं घे, आपसूक सुटते.

डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून उजव्या अंगाला आहे, पुढंही आणि मागंही. दगडावरून जाताना उजवं चाक दगडावर चढव, दगड चाकांच्या मधे घेऊ नकोस. ओढ्यात उतरायच्या आधी पाच मिनिटं थांब. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मग ऑइलचा चहा होतो, दूध घातलेला. ब्रीदरला, म्हणजे त्याच्या हवेच्या भोकाला, नळी लावून ती बोनेटपर्यंत वर आणलीय, पण थांबायचं ते थांबायचंच.

इंजिन मूळचंच ठेवलंय. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले, हेड फेस करून घेतलं. लेथवाल्या चाचांनी तीन दिवस लावले आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. डायनॅमो हळू चालताना चार्जच करत नाही, आणि आपल्याला तर हळूच चालायचंय. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम बदलला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर ते खातं. (आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच जीपचा पंप खाणार, हे ऐकून आई पहिल्यांदा माझ्या गाडीच्या गप्पांवर हसली.) उन्हाळ्यात चढावर इंजिन गुदमरून बंद पडलं तर कार्ब्युरेटर उघडू नकोस. पंपावर ओलं फडकं टाक आणि दहा मिनिटं सावलीत बस.

डिझेल इंजिनाचं मात्र मनातून काढ. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की कंपनीनं जशी बनवली त्याच्याशी विसंगत बदल चालणार नाहीत. दुसरा रस्ता तू सुचवला होतास, व्हिंटेज नोंदणीचा. तो मी नीट वाचून काढला. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' नंबरानं नोंदवता येते, २० हजार फी, १० वर्षांची मुदत. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची. शेतावर न्यायची नाही. मला तशी जीप नको. साधीच नोंदणी पाच वर्षांनी वाढवत राहू. गाडी दाखवायला जाईन तेव्हा कुठलाही साहेब खाली वाकून बघू दे, मला लाज वाटेल असं तिथं काही नाही.

विंचऐवजी पुढं-मागं चेसिसला हूक, एक रुंद पट्टा, दोन शॅकल, फावडं आणि दोन फळ्या. पट्टा ताणात असेल तेव्हा त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, कितीही जवळचा मित्र असो.

आणि ते कासच्या पठाराचं. तुझ्या मैत्रिणीनं पाठवलेला तो व्हिडिओ, सड्यावर गाड्या गोल गोल फिरवतात तो, तू मला का पाठवलास कळलं नाही. जांभ्या दगडावर बोटभर माती असते, तिच्यात सीतेची आसवं, ती इवली जांभळी फुलं, उगवतात. एकदा चाकाची चाकोरी पडली की पाण्याची वाट बदलते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं काही येत नाही. युनेस्कोच्या यादीत २०१२ला नाव आलं म्हणून नव्हे, त्याच्या आधीही आजोबा तिथं जीप रस्त्यावर उभी करून चप्पल हातात घेऊन चालायचे. कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती जमीनही मोकळी समजू नकोस, तिथं लोकांची गाळपेर, म्हणजे गाळातली पेरणी, असते. तुला चिखल हवाय ना? मेढ्याकडच्या आपल्या शेताची वाट आहे. मृगाचे दोन पाऊस पडले की त्या वाटेवर ट्रॅक्टरवालेसुद्धा देवाचं नाव घेतात. तिथं हवं तेवढं शिक. पहिल्या दिवशी मी शेजारी बसेन आणि बोलणार नाही, असा प्रयत्न करीन.

आर.सी.च्या कागदांबरोबर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्मही आणून ठेवलेत, माझ्या सह्या करून. तुझ्या सह्या राहिल्यात. आधार कार्डाच्या झेरॉक्स विसरू नकोस.

येताना पुण्याहून ब्रेक ऑइलचा एक छोटा डबा आण, सीलबंद बघून. कुणाकडचा उघडलेला, अर्धा उरलेला आणू नकोस. ते हवेतलं पाणी ओढतं.

तुझे,
अण्णा